बाथरूमच्या टाइल्सवर ड्रिल मारून वडिलांसाठी दांडा बसवायचाय, जाणकारांनी सांगा

पूर्णाकाठ (परभणी)
नमस्कार मंडळी. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता कमोडवरून उठताना आणि अंघोळीच्या स्टुलावरून उठताना धरायला काहीतरी लागायलंय. सध्या ते नळाला धरून उठायलेत आणि ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. स्टीलचे दोन ग्रॅब बार आणून ठेवलेत, दीड-दीड फुटाचे, दोन्ही टोकांच्या चकतीला तीन-तीन होल. घरी १३ मिमीची इम्पॅक्ट ड्रिल मशीन आहे, पडदे-फोटो लावायला वापरतो पण टाइल्सवर कधी मारलं नाही. मिस्त्रीला फोन केला की "उद्या येतो" म्हणतो, एवढ्या बारक्या कामाला कोण येतंय. टाइल्स १२ बाय १८ च्या, चकचकीत, भिंत आतली चार इंची, पलीकडं किचन. टाइल फुटू नये आणि मुख्य म्हणजे दांडा उपटून येऊ नये, बाबांचं वजन ८० च्या आसपास आहे. कोणता बिट, कोणती गिट्टी (स्क्रू धरायला होलमध्ये ठोकतात ती), काय काळजी, सगळं सांगा.

वायरमन_लातूर
भाऊ, टाइल फुटायची चिंता सगळ्यात शेवटी करा. टाइल फुटली तर पाचशे-हजाराचं नुकसान, पण टाइलच्या मागं चालू वायर किंवा भरलेला पाइप असला तर जिवावर बेततंय. मी वीस-बावीस वर्षं वायरिंगचं काम करायलोय आणि मला सगळ्यात जास्त भीती ह्याच कामाची वाटते कारण माणूस ओल्या फरशीवर उभा असतो, हातात २३० व्होल्टची मशीन असते आणि मागं काय गाडलंय ते दिसत नसतंय.

तर आधी भिंत वाचा. नळ, मिक्सर, शॉवर, गिझरचे दोन पॉइंट हे जिथं जिथं आहेत तिथून सरळ वर, सरळ खाली आणि एकाच लेव्हलला आडवं ह्या पट्ट्यात पाइप असतोच असतो, तिथं हात लावायचा नाही. दोन्हीकडं किमान चार-चार इंच सोडा. तसंच गिझरचा स्विच, एक्झॉस्टचा पॉइंट, लाइटचा पॉइंट ह्यांच्या सरळ वर-खाली वायरचा पाइप असतो. आणि तुमची भिंत चार इंची आहे म्हणून हे सगळं पलीकडच्या बाजूनं पण बघायचं. किचनमधलं सिंक, फिल्टरचा पॉइंट, मिक्सरचा बोर्ड कुठं आहे ते टेपनं मोजून इकडच्या टाइल्सवर पेन्सिलीनं मार्क करा. चार इंची भिंतीत दोन्हीकडून झिरी (पाइप-वायर गाडायला खोदलेली चर) मारलेली असली तर मधी वीट उरतेच किती.

गरम पाण्याची लाइन शोधायला एक साधा उपाय आहे. सकाळी भिंत थंड असताना गिझरचं पाणी आठ-दहा मिनिटं सोडा आणि तळहाताची मागची बाजू टाइल्सवरून फिरवत जा, जिथून लाइन गेली तिथं टाइल कोमट लागतीय. प्रत्येक भिंतीत कळेलच असं नाही पण बऱ्याच ठिकाणी कळतंय. लोखंडी जुना जीआय पाइप असला तर चुंबक किंवा डिटेक्टर दाखवतो, पण सीपीव्हीसी-यूपीव्हीसी पाइपवर डिटेक्टरच्या भरवशावर राहू नका, टाइल आणि सिमेंटच्या मागं प्लास्टिक त्याला नीट सापडत नाही. प्लंबिंग करताना फोटो काढले असतील तर ते मोबाइलात शोधा, त्याच्यासारखा नकाशा नाही.

पूर्णाकाठ
काका फोटो आहेत! बांधकाम चालू असताना भावानं काढलेत, शोधतो. गिझरचा पाइप मात्र उजव्या भिंतीतून गेलाय हे नक्की.

मिस्त्री_जालना
वायरमनदादांचं शंभर टक्के बरोबर. मी टाइल्सचं सांगतो. आधी टाइल कोणती ते बघा कारण बिट त्याच्यावरच ठरतोय. घरात उरलेली एखादी टाइल असंल, माळ्यावर नाहीतर गच्चीवर पडलेली असती. उलटी करून मागच्या बाजूला थोडं पाणी टाका. पाणी लगेच प्याली, मागचा रंग तांबूस किंवा मळकट पांढरा असला तर ती सिरॅमिक, तिच्यात १० टक्क्यांच्या वर पाणी मुरतंय. वरचा काचेचा थर तेवढा कडक, खाली मऊ. पाणी तसंच थेंब होऊन बसलं तर व्हिट्रिफाइड, तिच्यात अर्धा टक्का पण पाणी जात नाही आणि ती आरपार कडक असती.

सिरॅमिकला भाल्याच्या टोकाचा टाइल-ग्लास बिट घ्या, कार्बाइड टिपचा, दुकानात "ग्लास बिट" म्हणलं तरी देतात. व्हिट्रिफाइडला त्याच्यानं जमत नाही, टोक लाल होऊन बोथट होतंय, तिथं डायमंड कोअर बिटच पाहिजे, आतून पोकळ नळीसारखा असतोय तो.

दुसरं, टाइल वाजवून बघा. नाण्यानं नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं. ठस्स वाजली तर मागं माल भरलेला आहे, बद्द-पोकळ वाजली तर मागं हवा आहे. आपल्याकडं घाईत काम करणारे मधी सिमेंटचा गोळा लावून टाइल दाबून देतात, चारी कोपरे रिकामे राहतात. अशा कोपऱ्यात ड्रिल लावलं की टाइल फुटणारच, बिट कितीबी भारी आणा.

सिडकोवाला (संभाजीनगर)
इतकं कशाला, सरळ दोन टाइल्सच्या मधल्या जॉइंटमध्ये मारायचं ना. जॉइंट मऊ असतो, बिट सरकत नाही, टाइल शाबूत, उद्या काढलं तर ग्राउट भरून टाकायचं. मी घरातले सगळे हुक, टॉवेल रॉड तसेच बसवलेत, काही झालं नाही.

मिस्त्री_जालना
दादा टॉवेलचा हुक आणि माणूस धरून उठणारा दांडा ह्यात फरक आहे. स्पेसर लावून सोडलेला जॉइंट २-३ मिमीचा, आणि ह्यांना गिट्टी लागणार ८ किंवा १० मिमीची. म्हणजे बिट दोन्ही टाइल्सच्या कडा खात जाणार, आणि टाइलचा सगळ्यात कच्चा भाग कडच असती. बऱ्याच घरात तर जॉइंट सोडलेलाच नसतो, टाइलला टाइल चिकटवलेली असती. ५ मिमीच्या बारक्या हुकाला जॉइंट ठीक आहे, मी पण मारतो. दांड्याला नाही. टाइलच्या कडेपासून कमीत कमी इंच-सव्वा इंच आत या.

सिडकोवाला (संभाजीनगर)
बरोबर आहे, वजनाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. ८ मिमीला जॉइंट नको.

वायरमन_लातूर
आता मशीनचं. प्लग दोन पिनचा असतो आणि लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ती डबल इन्सुलेशनची खूण, ती आहे का बघा. पण त्याचा अर्थ पाणी लागलं तरी चालतंय असा नाही. मशीनच्या हवेच्या फटीतून पाणी आत गेलं की इन्सुलेशन संपलं. बाथरूम आदल्या दिवसापासून वापरू नका, फरशी पुसून कोरडी करा, पायात रबरी चप्पल, एक्स्टेन्शन बोर्ड बाथरूमच्या बाहेर. वायर खांद्यावरून घ्या म्हणजे फरशीवर लोळत नाही. त्या बाथरूमचा आणि पलीकडच्या किचनचा एमसीबी खाली करा आणि मशीनला सप्लाय हॉलमधून घ्या. एमसीबीवर नावं लिहिलेली नसतील तर एकेक खाली करून टेस्टर लावून खात्री करा. आणि घरात इन्व्हर्टर असला तर त्याची लाइन वेगळी असते, मेन एमसीबी खाली केला तरी तिच्यात करंट असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का? नसला तर हे काम करायच्या आधी बसवून घ्या. टेस्टचं बटन दाबून तो पडतोय का ते बघा. एमसीबी हा वायर जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवत नाही. अंगातून करंट जमिनीत जायला लागला की पडतो तो आरसीसीबी. आणि आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे पार वाळून जातात, जमीन भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. त्या खड्ड्यात पाणी टाकत जा. आरसीसीबी मात्र अर्थिंग कच्चं असलं तरी माणसाच्या अंगातून गळती झाली की पडतोच, म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो की आधी तो बसवा.

गोदातीर (नांदेड)
बॅटरीवरची कॉर्डलेस मशीन असेल तर तीच वापरा ना, १२ किंवा १८ व्होल्टची. सिरॅमिकला पुरते, हळू चालते म्हणून टाइलला उलट चांगलीच. मी घरातली सगळी अशी कामं स्वतः करते. काही गोष्टी माझ्याकडून: ओढणी, साडीचा पदर, बांगड्या, मोकळे केस ह्यातलं काहीही फिरत्या बिटजवळ नको, आणि हातात सैल कापडी ग्लोव्हज पण नकोत, ते बिटमध्ये गुंडाळले की बोट गेलं. चष्मा असला तरी वरून गॉगल लावा, टाइलची कपची डोळ्याच्या पातळीवरच उडते. धूळ साधी समजू नका, टाइल, वीट, सिमेंट सगळ्यात सिलिका असतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं, एन-९५ मास्क लावा. धूळ धरायला होलच्या खाली कागदाचं पाकीट चिकटपट्टीनं लावा, पुढची भिंत पण खराब होत नाही. नाली आणि कमोडवर जुनी चादर टाका, हातातून मशीन नाहीतर पाना पडला की कमोडला तडा जातो.

मला एक विचारायचं होतं, आमचा फ्लॅट नवीन आहे आणि भिंती त्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या आहेत, त्यात असा दांडा टिकेल का?

पूर्णाकाठ
फोटो सापडले, किती बरं झालं! डावीकडच्या भिंतीत पाइप फक्त कमोडच्या कॉकपर्यंत आहे, जमिनीपासून फूटभर. टाइल पाण्याच्या टेस्टमध्ये सिरॅमिक निघाली, मागून तांबूस. आरसीसीबी बोर्डात आहे, बटन दाबलं तर पडला. आता प्रत्यक्ष होल कसं मारू ते सांगा, हॅमर चालू करायचा की नाही?

मिस्त्री_जालना
हॅमर बंद!! टाइलवर हॅमर म्हणजे टाइल गेलीच. मशीनवर हातोडीचं चित्र असतंय आणि बिटचं चित्र असतंय, खटका बिटच्या चित्रावर. दिशा सुलटी आहे का बघा, उलटी फिरत असली तर नुसतं घासतंय, तापतंय आणि माणूस जोर लावत बसतो.

आधी जागा ठरवा. बाबांना कोरड्या बाथरूममध्ये कमोडवर बसवा आणि म्हणा उठा, उठताना हात आपसूक कुठं जातोय तिथं मार्क करा. कॅटलॉगमधली उंची त्यांच्या हाताला बसंलच असं नाही. मार्कवर मास्किंग टेपची फुली मारा म्हणजे बिट घसरत नाही. मग एकदम सावकाश, ट्रिगर अर्धा दाबून, बिट भिंतीला काटकोनात. पहिल्यांदा नुसता वरचा चकाकीचा थर खरवडला जातोय, तिथं घाई करायची नाही, जोर देऊ नका. दहा-पंधरा सेकंद चालवा, काढा, थंड होऊ द्या. मशीन बाजूला ठेवून ओला स्पंज होलवर आणि बिटवर दाबा, पण पाणी मशीनकडं जाऊ द्यायचं नाही, मग पुसून परत. आधी ४-५ मिमीच्या बिटनं, मग ८ च्या.

आणि धुळीकडं बघत राहा. आधी टाइलची पांढरट-तांबूस भुकटी येती, मग सिमेंटची करडी, मग विटेची लाल भुकटी. लाल आली म्हणजे विटेत पोचलात. आता ग्लास बिट काढून साधा दगड-विटेचा बिट लावा, तो पण हॅमर बंद ठेवूनच, चार इंची भिंतीत विटेला हॅमर लागत नाही आणि मागच्या किचनच्या टाइल्स हादऱ्यानं सुटतात. ओली, चिकट भुकटी आली, नाहीतर पिवळसर-पांढरी प्लास्टिकची सालपटं आली तर तिथल्या तिथं थांबा, तो पाइप आहे.

वायरमन_लातूर
त्याच्यावर भर घालतो. काम सुरू करायच्या आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करून बघा. आपल्याकडं बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं कॉक जाम झालेले असतात, वर्षानुवर्षं कुणी फिरवलेले नसतात, ऐनवेळी फिरत नाहीत. बंद करून खालचा नळ उघडा आणि पाइपातलं पाणी काढून टाका. जिथं आठवड्यानं नळाला पाणी येतंय तिथं भरलेली टाकी वाहून जाणं परवडत नाही.

आणि एवढं करूनही मशीन चालू असताना पाणी उडालं, तर मशीन वाचवायला जाऊ नका. ट्रिगर सोडा, मशीन तिथंच सोडा, ओल्या हातानं तिला धरू नका, बाहेर येऊन हॉलमधला स्विच बंद करा आणि प्लग काढा. मग कॉक. मशीन दोन-तीन हजारात परत येती.

सिडकोवाला (संभाजीनगर)
गिट्टी कोणती ते राहिलं. बारसोबत पुडीत ज्या बारक्या गिट्ट्या आणि दीड इंची स्क्रू येतात ते पुरतील का?

मिस्त्री_जालना
नाही पुरत, आणि खरी गोची इथंच होती. हिशोब करा. टाइल ७-८ मिमी, तिच्यामागचा सिमेंटचा माल १०-१५ मिमी, त्याच्यामागं प्लास्टर १२ मिमी. म्हणजे वीट सुरू व्हायलाच ३०-३५ मिमी आत जावं लागतंय. दीड इंच म्हणजे ३८ मिमी, त्यातले थोडे दांड्याच्या चकतीत जातात. म्हणजे तुमचा स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही, नुसत्या प्लास्टरला धरून बसतोय. बाबा एक दिवस जोरात ओढतील आणि प्लास्टर-टाइलसकट दांडा हातात येईल.

८ किंवा १० मिमी जाडीची, ८० मिमी लांबीची नायलॉनची लांब गिट्टी घ्या, तिच्याबरोबर तिचाच स्क्रू येतोय. गिट्टी फुगती ती जागा विटेत गेली पाहिजे, टाइलमध्ये फुगली तर टाइल तडकती. होल पिचकारीनं किंवा फुग्याच्या पंपानं साफ करा, भुकटी राहिली तर गिट्टी धरत नाही. स्क्रू ३०४ ग्रेडचा स्टेनलेस घ्या, क्षाराच्या पाण्यात साधा स्क्रू गंजून बारीक होतो आणि वरून कळत पण नाही. गिट्टी घालायच्या आधी होलमध्ये सॅनिटरी सिलिकॉन भरा आणि चकतीच्या मागं पण गोल फिरवा, नाहीतर पाणी भिंतीत मुरून पलीकडं किचनला ओल येईल. स्क्रू शेवटी हातानं आवळा, मशीननं नको.

नांदेडच्या ताई, हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी नुसती फिरत राहती. त्यासाठी वेगळी गिट्टी मिळती, पण माणसाच्या वजनाला माझा भरवसा आरपार बोल्टवर. भिंतीच्या पलीकडून लोखंडी पट्टी लावायची आणि बोल्ट इकडून तिकडं. पलीकडं थोडं विद्रूप दिसंल, पण निघणार नाही.

गोदातीर (नांदेड)
पलीकडं बेडरूमचं कपाट आहे, म्हणजे पट्टी त्याच्यामागं झाकली जाईल. आरपारच करते. धन्यवाद दादा.

उमरगेकर
आमचं गावाकडचं जुनं घर, दोन फुटी दगडाची भिंत, मधी माती. त्याच्यावर प्लास्टर करून टाइल्स लावल्यात. आईसाठी मला पण असाच दांडा बसवायचाय. शेजारचा रोटरी हॅमर द्यायला तयार आहे, तो चालेल का?

मिस्त्री_जालना
अजिबात नको. दगड लागला तर काळा दगड, ड्रिल पुढं सरकत नाही, आणि दगडाच्या सांध्यात घुसलं तर मागं माती, गिट्टीला धरायला काही नाही. त्यात हॅमरचे हादरे. ९३ साली ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात कोणत्या भिंती पडल्या ते तुम्हाला मी काय सांगावं, अशाच दगड-मातीच्या जाड भिंती. त्यांना उगं धक्के देऊ नका. आईसाठी कमोडच्या भोवती उभं करायचं स्टीलचं स्टँड मिळतंय, दोन्हीकडं हात टेकायला, पायाला रबर. मेडिकलच्या सामानाच्या दुकानात विचारा. एक पण होल नाही.

उमरगेकर
हे माहीतच नव्हतं. उद्याच लातूरला जाऊन बघतो.

गोदातीर (नांदेड)
आणि ते चिकटवायचे, रबरी कपवाले दांडे कुणी घेऊ नका. आजीसाठी आणला होता, क्षाराचा पांढरा थर टाइलवर चढला की कप धरत नाही. टॉवेलला ठीक, माणसाला नाही.

पूर्णाकाठ
मंडळी, कमोडजवळचा दांडा बसला! सांगितलं तसंच केलं. ठरवलेल्या जागेवरची एक टाइल वाजवली तर वरच्या कोपऱ्यात बद्द वाजली, म्हणून सगळं अडीच इंच खाली घेतलं, बाबांना परत बसवून बघितलं तर त्यांना उलट तिथूनच जास्त जोर मिळायला. टेपवरून बिट एकदाही सरकला नाही. पहिला थर जायला लई वेळ लागला, मग धूळ बरोबर तशीच, पांढरट, करडी आणि मग लाल, लाल दिसली तेव्हा हायसं वाटलं. सिलिकॉन एक दिवस वाळू दिलं, मग आधी मी दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून लटकलो, नंतर बाबांना धरू दिलं.

एक अडचण राहिली. अंघोळीच्या बाजूला दुसऱ्या दांड्याचं एक होल मारायला घेतलं आणि करडी भुकटी ओलसर यायला लागली, लगेच थांबलो. तिथं फोटोत पाइप नाही. वरचे सगळे कॉक बंद होते. हे काय असेल, आणि ते होल आता कसं बुजवू?

वायरमन_लातूर
थांबलात ते लई चांगलं केलं. पाइप नसला तर वरच्या जॉइंटमधून अंघोळीचं पाणी टाइलच्या मागं मुरलेलं असणार. ते होल दोन-चार दिवस उघडं ठेवा, बाथरूम वापरू नका, आत कापूस घालून बघा. कापूस कोरडा निघायला लागला तर मुरलेलं पाणीच होतं. ओलाच राहिला तर कुठंतरी लाइन गळायलीय, प्लंबरला प्रेशर टेस्ट करायला लावा.

मिस्त्री_जालना
कोरडं झालं की त्या भिंतीचे सगळे जॉइंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. होलमध्ये तळापासून इपॉक्सी पुट्टी दाबून भरा, वर टाइलच्या रंगाचं ग्राउट. पण दांडा बसवणारच असाल तर होल बुजवू नका, भिंत वाळल्यावर तेच पुढं विटेपर्यंत न्या.

पूर्णाकाठ
कापूस घातलाय. तोवर बाबांना समोरच्या कॉमन बाथरूममध्ये अंघोळ, तिथं मी बरोबर उभा राहतो. चार दिवसांनी इथंच सांगतो.